भिंतीत सांधा नको

घरातला पाइप सहसा मधोमध गळत नाही. गळतो तो सांधा. भिंतीवर ओल आली, रंगाचे पोपडे सुटले, फरशीच्या कडेला पांढरा क्षार फुलला की आत कुठेतरी एखाद्या एल्बोने (पाइप वळवणाऱ्या तुकड्याने) किंवा टीने (पाइपाला फाटा देणाऱ्या तुकड्याने) दगा दिलेला असतो. मग शोध सुरू होतो. ओल दिसते तिथेच गळती असते असंही नाही. पाणी पाइपाच्या अंगाने, विटांमधल्या फटींतून वाट काढत खाली-आडवं जातं आणि भलत्याच जागी बाहेर पडतं. एक टाइल फोडली, मागे कोरडं. दुसरी फोडली, तिथेही काही नाही. तिसरीमागे तो दोन बोटांएवढा सांधा सापडतो. तो बदलायला दहा मिनिटं पुरतात. त्याच्यापर्यंत पोचायला आणि भिंत पुन्हा पहिल्यासारखी करायला दिवस जातात.

मॅनिफोल्ड, म्हणजे पाण्याचे वाटे करणारी दांडी, आणि तिथून प्रत्येक नळाला जाणारे लवचीक पाइप, ही पद्धत समजून घ्यायची तर सुरुवात इथून करावी असं मला वाटतं. हा पाइप गंजत नाही, काम पटकन होतं, सॉल्व्हंट, म्हणजे पाइप चिकटवायचं द्रव, लावून ते वाळायची वाट पाहावी लागत नाही, हे सगळं खरं आहे. पण या पद्धतीचं मोल त्याहून मोठं आहे. ती सांधे भिंतीतून काढते आणि एका छोट्या दारामागे आणून ठेवते. दार उघडलं की सांधा समोर.

झाड आणि पंजा

जुनी पद्धत झाडासारखी आहे. टाकीकडून किंवा रस्त्यावरच्या लाइनकडून एक जाड पाइप घरात येतो. तो खोड. त्याला टी लावून फांदी काढायची, फांदीला पुन्हा टी लावून डहाळी काढायची आणि डहाळीच्या टोकाला नळ. पाइप ताठ असल्यामुळे प्रत्येक वळणावर एल्बो लागतो, जाडी बदलली की रिड्यूसर, आणि ठरावीक लांबी संपली की सॉकेट.

एका न्हाणीघराचा हिशोब करून पाहू. बेसिन, कमोड, शॉवर, खालचा नळ आणि यांतल्या तीन ठिकाणी गरम पाणी, म्हणजे एकूण सात तोंडं. गार आणि गरम मिळून पाच-सहा टी आणि वळणांचे किमान दहा एल्बो सहज होतात. एल्बोला दोन सांधे, टीला तीन. म्हणजे पस्तीस-चाळीस सांधे, आणि त्यांतले जवळजवळ सगळे प्लास्टरच्या आत. प्रत्येक सांधा कुणीतरी हाताने केलेला. त्या दिवशी घाई होती का, पाइप नीट पुसला होता का, सॉल्व्हंट पुरेसं लागलं होतं का, हे आता कुणालाच पाहता येत नाही.

मॅनिफोल्डची पद्धत हाताच्या पंजासारखी आहे. मॅनिफोल्ड म्हणजे पितळेची, स्टेनलेस स्टीलची किंवा कडक प्लास्टिकची एक पोकळ दांडी. एका टोकाने मुख्य पाणी आत येतं आणि दांडीवर ओळीने तोंडं असतात. चांगल्या मॅनिफोल्डला प्रत्येक तोंडावर स्वतंत्र छोटी झडप असते. तिथून निघालेला पाइप थेट एका नळापर्यंत जातो, मध्ये कुठेही न तुटता. गार पाण्याची एक दांडी, गरम पाण्याची दुसरी. वर सांगितलेल्या सात तोंडांना सात पाइप आणि चौदा सांधे. सात मॅनिफोल्डपाशी, उघड्यावर. उरलेले सात नळांपाशी, भिंतीच्या तोंडालाच. मधल्या सगळ्या वाटेवर एकही नाही.

विजेच्या डीबीशी, म्हणजे घरातली सगळी सर्किटं जिथून निघतात त्या पेटीशी, याची तुलना नेहमी केली जाते आणि ती बरोबर आहे. एका खोलीचं सर्किट बंद करायला घरभर अंधार करावा लागत नाही, तसं बेसिनचा नळ बदलायला घरभराचं पाणी बंद करावं लागत नाही. त्या बेसिनची झडप फिरवली की झालं.

कल्पना नवी मात्र नाही. फ्रान्सच्या दक्षिणेला नीम शहरात रोमनांनी बांधलेला एक गोल हौद आजही उभा आहे. सुमारे पन्नास किलोमीटर वळणं घेत आलेल्या कालव्याचं पाणी या हौदात पडायचं आणि हौदाच्या भिंतीतल्या दहा गोल भोकांतून शिशाच्या नळांनी शहराच्या वेगवेगळ्या भागांत जायचं. पाणी एका ठिकाणी आणा, तिथेच त्याचे वाटे करा आणि मग प्रत्येक वाट्याला आपापल्या रस्त्याने जाऊ द्या: मॅनिफोल्डचा विचार यापेक्षा वेगळा नाही. अडचण होती ती घराच्या आत, भिंतीतून वळत जाणाऱ्या अखंड पाइपाची. शिसं वाकायचं, पण ते विष. तांबं वाकतं, पण महाग, आणि हाताने वाकवायला कष्टाचं. लोखंडाचं तर नावच नको.

पाइप वाकतो कसा, आणि तरी टिकतो कसा

पॉलिइथिलीन हे आपल्या रोजच्या ओळखीचं प्लास्टिक. त्याचे रेणू म्हणजे लांबच लांब दोरे, एकमेकांत गुंतलेले पण एकमेकांना न बांधलेले. थंड असताना ते घट्ट राहतात. तापवलं की दोरे एकमेकांवरून घसरू लागतात आणि प्लास्टिक मऊ पडतं. म्हणून साधं पॉलिइथिलीन दाबाखालच्या कढत पाण्याला वर्षानुवर्षं तोंड देऊ शकत नाही.

त्यावरचा उपाय म्हणजे या दोऱ्यांना आडव्या गाठी मारणं. सुटे दोरे होते त्याचं जाळं होतं. जाळं वाकतं, ताणलं जातं, पण दोरे निसटत नाहीत. अशा गाठी मारलेल्या पॉलिइथिलीनला पेक्स म्हणतात. जर्मनीच्या थॉमस एंगेल यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस पेरॉक्साइड वापरून पाइप बनतानाच या गाठी पाडण्याची रीत शोधली आणि स्वीडनमधल्या विर्स्बो कंपनीने १९७२ पासून असे पाइप बाजारात आणले. पुढे आणखी दोन रीती रूढ झाल्या. एकीत सिलेन नावाचं रसायन घालून, पाइप तयार झाल्यावर ओलाव्याच्या आणि उष्णतेच्या मदतीने गाठी पाडतात. दुसरीत तयार पाइपावर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडतात. या तीन रीतींनाच अनुक्रमे पेक्स ए, बी आणि सी अशी नावं आहेत.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ए, बी, सी हे शाळेतल्या श्रेणींसारखे दर्जे नाहीत. ती फक्त बनवण्याच्या रीतींची नावं आहेत, आणि तिन्ही पाइपांना दाबाच्या आणि उष्णतेच्या कसोट्या पार कराव्याच लागतात. फरक आहे तो वागण्यात. ए जातीचा पाइप जास्त मऊ असतो, लहान बाक घेतो आणि ताणला तर पुन्हा मूळ आकारावर येतो. वाकवताना चिमटला गेला तर गरम हवेच्या गनने तापवून तो पूर्ववत करता येतो. बी जातीचा थोडा ताठ असतो, त्याचा चिमटलेला भाग कापूनच टाकावा लागतो. ज्या सांध्याची हत्यारं आणि सवय तुमच्या प्लंबरकडे आहे त्याला चालणारा पाइप घ्या, अक्षरावर भांडू नका.

या गाठींचा एक तोटाही आहे. जाळं झालेलं प्लास्टिक पुन्हा वितळत नाही. म्हणून पेक्सला झाळता येत नाही, सॉल्व्हंटने चिकटवता येत नाही आणि जुना पाइप वितळवून त्याचा नवा पाइपही करता येत नाही.

पेक्सच्या दोन थरांमध्ये ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा घातलेला पाइपही मिळतो. त्याला कंपोझिट किंवा मल्टिलेअर म्हणतात. तो वाकवला की तसाच राहतो, साध्या पेक्ससारखा पुन्हा सरळ होऊ पाहत नाही, आणि तापल्यावर फार कमी वाढतो. उघड्यावरून, भिंतीलगत न्यायच्या लाइनला तो मला जास्त शोभतो.

एक धडा, फार महागात शिकलेला

लवचीक प्लास्टिकचा पाइप म्हटलं की काही जुने प्लंबर मान हलवतात. त्यांच्या शंकेला आधार आहे. अमेरिकेत १९७८ ते १९९५ या काळात पॉलिब्युटिलीन नावाचा करडा, लवचीक पाइप लाखो घरांत बसवला गेला. स्वस्त होता, झटपट बसत होता. काही वर्षांत तो गळू लागला. पाण्यातल्या क्लोरीनने आधी सांध्यांमधल्या ॲसिटल प्लास्टिकच्या फिटिंगांना तडे गेले, आणि पाइपही आतून ठिसूळ होत गेले. १९९५ साली झालेल्या न्यायालयीन तडजोडीत नुकसानभरपाईसाठी ९५ कोटी डॉलर बाजूला काढावे लागले.

पेक्स म्हणजे पॉलिब्युटिलीन नव्हे. पण क्लोरीनचा प्रश्न पेक्सलाही आहे, आणि त्याचं उत्तर पाइपाच्या अंगावर छापलेलं असतं. अमेरिकी मानकांप्रमाणे बनलेल्या पाइपावर पेक्स या शब्दापुढे चार आकडे येतात, उदाहरणार्थ ५१०६. पहिला आकडा क्लोरीनसाठी. ५ असेल तर ६० अंश सेल्सिअसचं क्लोरीनयुक्त पाणी त्यातून सतत खेळवलं तरी पाइप ते सोसेल, असं गृहीत धरून त्याची चाचणी झालेली असते. ३ असेल तर निम्मा वेळ गरम, निम्मा वेळ साधं, आणि १ असेल तर फक्त पाव वेळ गरम. दुसरा आकडा उन्हासाठी. १ म्हणजे उन्हात एक महिना, २ म्हणजे तीन, ३ म्हणजे सहा. शेवटचे दोन आकडे ताकदीचे. खरेदी करताना बाकीची माहिती ऐकून घ्या, पण हे चार आकडे स्वतः वाचा.

उन्हाचा मुद्दा तर बांधकामाच्या जागी हमखास दुर्लक्षित होतो. पाइपाचं भेंडोळं कुणीतरी वाळूच्या ढिगावर टाकतं आणि ते तिथे आठवडेच्या आठवडे तापत पडतं. वरून काहीच दिसत नाही. नुकसान आत झालेलं असतं, आणि ते कळतं तेव्हा पाइप भिंतीत असतो. भेंडोळं सावलीत, झाकून ठेवायचं. घराबाहेरून उघडा पेक्स नेऊच नये.

गरम पाण्याची वाट पाहणं

गरम नळ उघडल्यावर आधी गार पाणी का येतं? पाइपात आधीचं पाणी उभं असतं, ते निघून गेल्याशिवाय गिझरचं पाणी येणार कसं? म्हणजे पाइपाच्या पोटात किती पाणी मावतं यावर सगळं अवलंबून.

पाऊण इंची पेक्समध्ये मीटरमागे सुमारे २३५ मिलिलिटर पाणी मावतं. अर्ध्या इंचीत सुमारे १२०. तीन सुती, म्हणजे तीन अष्टमांश इंची पाइपात सुमारे ६५. गिझरपासून नळ १२ मीटर दूर आहे आणि नळातून मिनिटाला ६ लिटर पाणी येतं असं धरू. पाऊण इंची पाइपात २.८ लिटर गार पाणी आहे, ते जायला २८ सेकंद. अर्ध्या इंचीत १४ सेकंद. तीन सुतीत ८. पाइप स्वतः तापायला लागणारा वेळ वेगळा, म्हणून प्रत्यक्षात थोडं जास्तच. दर वेळी दोन-अडीच लिटर पाणी मोरीत जाण्याऐवजी पाऊण लिटर गेलं, तर वर्षाचा हिशोब कुणीही करावा.

झाडाच्या पद्धतीत खोड जाड ठेवावंच लागतं, कारण त्यावर सगळ्यांचा भार असतो. पंज्याच्या पद्धतीत प्रत्येक पाइप एकाच नळासाठी असतो, म्हणून तो बारीक घेता येतो. मात्र एक गोष्ट इथे प्रामाणिकपणे सांगायला हवी. खोड एकदा तापलं की त्यावरच्या दुसऱ्या नळाला गरम पाणी लगेच मिळतं. पंज्यात प्रत्येक बोट वेगळं, प्रत्येकाला आपापलं गार पाणी काढावं लागतं. सकाळी एकामागून एक सगळे नळ उघडणाऱ्या घरात फायदा थोडा घटतो. दिवसभरात सुटासुटा वापर असलेल्या घरात तो पुरेपूर मिळतो.

मग सगळेच पाइप तीन सुती का घेऊ नयेत? कारण बारीक पाइप दाब खातो, आणि तो किती खातो याचा अंदाज डोळ्यांनी येत नाही. तेवढंच पाणी तेवढ्याच वेळात न्यायचं असेल तर पाइपाचा आतला व्यास जसा कमी होतो, तसा दाबाचा तोटा जवळपास त्याच्या पाचव्या घाताने वाढतो. तेच १२ मीटर आणि मिनिटाला ६ लिटर घेतलं तर पाऊण इंची पाइप सुमारे २० सेंटिमीटर उंचीच्या पाण्याएवढा दाब खातो, अर्धा इंची मीटरभर, आणि तीन सुती जवळजवळ साडेचार मीटर.

पंपाच्या किंवा जोरदार लाइनच्या पाण्याला साडेचार मीटर म्हणजे काहीच नाही, अर्ध्या बारपेक्षाही कमी (एक बार म्हणजे सुमारे दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब). पण पाणी टाकीतून नुसत्या उताराने येत असेल आणि टाकीचा तळ नळापेक्षा तीनच मीटर वर असेल, तर तुमच्याकडे खर्चायला एकूण तीनच मीटर आहेत. तीन सुती पाइपातून तिथे मिनिटाला ६ लिटर येणं शक्यच नाही. अशा घरात अर्धा इंची पाइप घ्या, मॅनिफोल्ड नळांच्या जवळ बसवा आणि मॅनिफोल्डपर्यंत येणारी लाइन निदान एक इंची ठेवा. परदेशी चित्रं पाहून बारीक पाइप टाकलेल्या घरात शॉवर नुसता ठिबकतो, तो यामुळे. त्या चित्रांतल्या घरांत पाण्याला तीन-चार बारचा दाब असतो.

पंज्याचा आणखी एक लाभ अनुभवल्याशिवाय लक्षात येत नाही. तुम्ही शॉवरखाली उभे आहात आणि कुणी कमोडचा फ्लश ओढला की पाणी एकदम कढत होतं. दोघांची फांदी एकच असल्याने गार पाणी तिकडे पळतं. मॅनिफोल्डवर दोघांचे रस्ते वेगळे असतात आणि मुख्य लाइन पुरेशी जाड असेल तर एकाचा धक्का दुसऱ्याला फारसा बसत नाही. लहान मूल किंवा म्हातारं माणूस आंघोळ करत असेल तर ही चैनीची नाही, सुरक्षेची बाब आहे.

नळ झटकन बंद केल्यावर भिंतीत धाडकन आवाज येतो, तोही पेक्समध्ये मऊ पडतो. १८९८ साली निकोलाय झुकोव्स्की यांनी मॉस्कोच्या पाण्याच्या लाइनांवर प्रयोग करून दाखवलं की या धक्क्याचा जोर दोन गोष्टींवर ठरतो: पाणी किती वेगाने वाहत होतं आणि दाबाची लाट त्या पाइपात किती वेगाने पळते. लवचीक पाइप किंचित फुगून धक्का झेलतो, त्यामुळे लाट लोखंडातल्यापेक्षा खूप सावकाश जाते. तरी वॉशिंग मशीनच्या झटक्याने मिटणाऱ्या झडपेजवळ धक्का शोषणारं उपकरण लावणं चांगलंच.

उरलेले सांधे

सांधे कमी झाले म्हणून त्यांची काळजी कमी करून चालत नाही. उलट आता थोडेच आहेत, तर प्रत्येक नीट करण्याइतका वेळ आहे.

सर्वात रूढ पद्धत क्रिंपची. पितळेची किंवा कडक प्लास्टिकची खाचेदार फिटिंग पाइपाच्या आत घालायची, वरून तांब्याची कडी सरकवायची आणि हत्याराने ती कडी सर्व बाजूंनी सारखी दाबायची. नंतर गेज, म्हणजे माप तपासायची पट्टी, लावून कडी नेमकी दाबली गेली का ते पाहायचं. हे गेज लावणं बहुतेक जण टाळतात आणि तिथेच फसतात. हत्यार वापरून वापरून सैल होतं, हाताला ते कळत नाही, गेजला कळतं. स्टेनलेस स्टीलच्या क्लॅम्पमध्ये कडीला एक कान असतो आणि तोच चिमटायचा असतो. अडचणीच्या जागेत ते सोपं जातं.

ए जातीच्या पाइपाची खरी गंमत फुगवण्याच्या सांध्यात आहे. पाइपाच्या टोकावर त्याच पदार्थाची कडी चढवायची, हत्याराने टोक फुगवायचं, काही क्षणांत आत फिटिंग सारायची आणि हात बाजूला घ्यायचा. पाइप आपल्या मूळ आकाराकडे परततो आणि फिटिंगला कवेत घेतो. फिटिंग फुगवलेल्या टोकात बसत असल्याने पाण्याची वाटही फारशी अरुंद होत नाही. थंडीत पाइपाला परतायला वेळ लागतो, तेव्हा घाईने पाणी सोडू नये. कंपोझिट पाइपाला प्रेसचे, म्हणजे हत्याराने दाबून बसवायचे, किंवा नटाचे सांधे असतात. त्यात पाइप कापल्यावर त्याचं तोंड गोल करून आतली कड तासून घ्यावी लागते, नाहीतर रबराची रिंग कापली जाते आणि गळती दुसऱ्याच दिवशी सुरू होते. नुसते ढकलून बसणारे सांधे दुरुस्तीला देवासारखे धावून येतात, पण ते कायमचे भिंतीत गाडावेत या मताचा मी नाही.

फिटिंगच्या पितळेकडेही पाहा. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. जस्त जास्त असलेलं पितळ काही पाण्यांत झिजतं: जस्त विरघळून जातं आणि मागे स्पंजासारखं ठिसूळ तांबं उरतं. वरून फिटिंग शाबूत दिसते, बोटाने दाबली की चुरते. म्हणून जस्त सुटू न देणाऱ्या जातीचं, डीझेडआर पितळ मागावं. आणि एका कंपनीचा पाइप, दुसरीची फिटिंग, तिसरीची कडी असा मेळ घालू नये. मापात केसाएवढा फरक असतो, आणि गळायला केसाएवढी फट पुरते.

भिंतीतली वाट

लवचीक म्हणजे कसाही मोडावा असं नाही. बाकाची त्रिज्या पाइपाच्या बाहेरच्या व्यासाच्या निदान सहा ते आठ पट ठेवावी लागते. सोळा मिलिमीटरच्या पाइपाला साधारण दहा ते तेरा सेंटिमीटर. नळापाशी काटकोनात वळवायचं असेल तर वळणाचा आधार मिळतो, तो लावावा.

पेक्स तापला की वाढतो, आणि बराच वाढतो. दहा मीटरचा पाइप २० अंशांवरून ६० वर गेला तर सहा ते आठ सेंटिमीटर लांब होतो. तांब्याचा तेवढाच पाइप जेमतेम सात मिलिमीटर वाढतो. म्हणून पेक्स तारेसारखा ताणून बसवायचा नाही. थोडा ढिला, नागमोडी टाकायचा, क्लॅम्प असे लावायचे की पाइपाला सरकता येईल, आणि सिमेंटमध्ये थेट गाडायचा नाही.

न गाडता भिंतीत न्यायचा कसा? पाइपाबाहेर आणखी एक पन्हाळीदार नळी चढवून. बाहेरची नळी भिंतीत पक्की बसते, आतला पाणी नेणारा पाइप तिच्यात मोकळा राहतो. पुढेमागे पाइप खराब झालाच तर मॅनिफोल्डकडून ओढून काढायचा आणि त्याच वाटेने नवा सारायचा. वळणं सौम्य असतील तर एकही टाइल न फोडता हे होतं. समजा आतला पाइप गळला, तर पाणी बाहेरच्या नळीतून वाहत मॅनिफोल्डच्या पेटीत येतं. स्वीडनमध्ये ही पेटी जलरोधक असते आणि तिच्या तळातून एक बारीक नळी खोलीत उघडी सोडलेली असते. गळती झाली की पाणी डोळ्यांसमोर ठिबकतं, भिंत भिजायच्या आत. मला या सगळ्या पद्धतीतला हा सर्वात सुंदर विचार वाटतो. सांधा गळणारच नाही अशी बढाई त्यात नाही, गळला तर लगेच कळेल अशी सोय आहे. खर्च वाढतो, पण घर एकदाच बांधत असाल तर इथे हात आखडू नका.

उंदीर पेक्स कुरतडतात, तेव्हा डक्टची आणि छताची भोकं बुजवलेली हवीत. गिझरच्या तोंडाला पेक्स थेट जोडू नये, आधी अर्धा-पाऊण मीटर धातूचा पाइप ठेवावा. सौर गिझरच्या कलेक्टरकडचं पाणी उकळीच्या जवळ जाऊ शकतं, ती लाइन धातूचीच. अमेरिकी मानकाचा पेक्स ८२ अंशांना सुमारे ६.९ बार आणि ९३ अंशांना ५.५ बार दाब सोसतो, त्यापुढे नाही. पेट्रोल, डिझेल किंवा थिनर सांडलेल्या मातीतून पिण्याच्या पाण्याचा पेक्स नेऊ नये. ही द्रव्यं प्लास्टिकच्या भिंतीतून आत झिरपतात.

दर वेळी पंजाच हवा असं नाही

मोठ्या घरात प्रत्येक नळासाठी मॅनिफोल्डपासून वेगळा पाइप न्यायचा म्हणजे शेकडो मीटर पाइप आणि भिंतीत दोरखंडाएवढी जुडी. तिथे मधला मार्ग बरा. एक जाड लाइन प्रत्येक न्हाणीघरापर्यंत न्यायची, तिथे छोटा मॅनिफोल्ड बसवायचा आणि तिथून दोन-तीन मीटरचे बारीक पाइप नळांना द्यायचे. सांधे तरीही दारामागेच राहतात.

एक धोका मात्र पंज्याच्या पद्धतीत आपसूक येतो. पाहुण्यांच्या खोलीतला नळ महिनोन्‌महिने उघडला जात नाही आणि त्याच्या स्वतंत्र पाइपात पाणी तसंच पडून राहतं. २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात लिजिओनेला जिवाणू वाढू शकतात. १९७६ साली फिलाडेल्फियातल्या एका मेळाव्यानंतर पसरलेल्या न्यूमोनियामुळे त्यांची ओळख झाली. गिझरच्या टाकीतलं पाणी ६० अंशांवर ठेवणं आणि न वापरलेले नळ आठवड्यातून एकदा मोकळे सोडणं, एवढं तरी करावं. जिथे नळ फार क्वचित लागतो तिथे त्याला वेगळं बोट न देता रोजच्या नळाच्या लाइनवर, त्या नळाच्या आधी, ओवून घ्यावं. मग पाणी त्याच्या तोंडाजवळून रोज वाहतं.

भिंत बंद करण्याआधी

पाइप टाकून झाले की दाबाची चाचणी. साधारणपणे रोजच्या दाबाच्या दीडपट दाब पंपाने भरतात आणि काटा पाहत बसतात. पेक्समध्ये हा काटा सुरुवातीला खाली येतोच. गळती नसली तरी पाइप किंचित फुगतो म्हणून. पुन्हा दाब भरायचा, थोडं थांबायचं, पुन्हा भरायचा. पाइप स्थिरावल्यावर काटा उतरला, तर मात्र सांधे एकेक तपासायचे. दिवसभरात तापमान बदलतं तसा काटाही हलतो, तेही ध्यानात ठेवावं. प्लास्टर चढेपर्यंत पाइपात दाब भरूनच ठेवला तर कुणाच्या खिळ्याने भोक पडलं ते त्याच क्षणी कळतं.

प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, मोजपट्टी चौकटीत दिसेल अशी धरून. पुढे आरसा टांगायला ड्रिल घेऊन उभं राहाल तेव्हा तोच फोटो हाताशी लागेल. मॅनिफोल्डच्या प्रत्येक तोंडावर त्या त्या नळाचं नाव चिकटवा, पुसलं न जाणाऱ्या शाईने, आणि ते त्याच दिवशी करा. पंधरा सारखे पाइप एका पेटीत आल्यावर कुठला कुणाचा हे बसवणाऱ्यालाही आठवत नाही. झडपा वर्षातून दोनदा पूर्ण बंद-चालू करून ठेवा, नाहीतर क्षार धरून त्या जागीच अडकतात. आणि पेटीची जागा ठरवताना तिथे उद्या कपाट येणार नाही ना, ते घरातल्या सगळ्यांना विचारून घ्या.